ग्रेनाडातला तो सोमवार

दादा,

तुझ्या अंत्यविधीच्या हॉलमध्ये तुझा कुठला फोटो लावला होता, हे तुला कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मीच सांगतो. पांढरी लिली, दोन जाड मेणबत्त्या, मधोमध तुझ्या राखेचा कलश, आणि शेजारी स्टँडवर आपण दोघं. अंगभर काळं तेल, डोक्यावर शिंगं, गळ्यात लोखंडी साखळी, आणि काय ते दोघांचे दात पांढरे. वहिनींनी निवडला होता. "ह्यांचा इतका खुशीतला दुसरा फोटोच नाही, भाऊजी," म्हणाल्या. मी बरं म्हटलं. नवऱ्याचा कलश समोर असलेल्या बाईशी फोटोवरून वाद घालणारा मी कोण.

इथे जर्मनीत असल्या वेळी भटजी नसतो, पण भाषण करायला एक बाई भाड्याने मिळते. ती आदल्या आठवड्यात घरी आली, कॉफी प्यायली, माणूस कसा होता ते विचारून गेली. हॉलमध्ये उभी राहून ती म्हणाली, की तुला आयुष्य साजरं करता येत होतं. धाकट्या भावाचा संसार मोडला तेव्हा तू त्याला एका दूरच्या बेटावरच्या कार्निव्हलला घेऊन गेलास आणि त्याला पुन्हा हसायला शिकवलंस. मग तिने हाताने फोटोकडे खूण केली. तुझ्या कंपनीतली माणसं हळवी झाली. कोलोनची माणसं ती, कार्निव्हलचं नाव काढलं की त्यांचा गळा दाटून येतोच.

तिने खोटं काहीच सांगितलं नाही. मी पहिल्या रांगेत, उसना काळा कोट घालून, त्या फोटोकडे बघत बसलो होतो. तो फोटो काढला तेव्हा चिपळूणला नदीकाठी बाबांना चितेवर ठेवलेलं होतं. आणि फोटोतल्या दोघांपैकी फक्त एकाला ते माहीत होतं. हे त्या बाईला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी उठून सांगावं अशी ती जागा नव्हती.

म्हणून आता तुला लिहितोय. तू असतास तर पहिल्याच ओळीला मला थांबवलं असतंस. "आल्झो, नंदू," असं म्हणून तू सुरुवात करायचास, आणि ते जर्मन आल्झो, म्हणजे 'तर मग', आलं की पुढे निर्णयच असायचा, चर्चा नसायची. मी कुठे शिकावं, जर्मनीला कधी यावं, हॅम्बर्गची नोकरी घ्यावी की म्युनिकची, पहिली खोली कुठल्या गल्लीत बघावी, सगळं त्या एका शब्दानंतर ठरलं. हॉटेलात मेनूकार्ड माझ्या हातात येण्याआधी तू माझं जेवण सांगून मोकळा व्हायचास. "तुला हेच आवडेल." आणि माझं दुर्दैव असं, की मला बहुतेक वेळा तेच आवडायचं. तुझ्यावर रागावणं म्हणूनच इतकं अवघड होतं.

त्या वर्षी माझा घटस्फोट नुकताच झाला होता. मी हॅम्बर्गमध्ये कामावर जायचो, घरी यायचो, पावसाकडे बघत ब्रेड खायचो. दर रविवारी तुझा फोन यायचा आणि मी हं, हं करायचो. रजेचा अर्ज जानेवारीतच टाकावा लागतो, तसा मी टाकला होता, ऑगस्टमध्ये चिपळूणला जायला. बाबा म्हणाले होते, "या खेपेला जरा लवकर ये, जायफळं दाखवायचीत." निवृत्त झाल्यावर गावच्या वाडीत त्यांनी जायफळाची झाडं लावली होती आणि आता ती धरायला लागली होती. एसटी डेपोत जन्मभर कारकुनी केलेला माणूस, पण झाडांबद्दल बोलताना लहान मुलासारखा बोलायचा.

तेवढ्यात तुझ्या डोक्यात ग्रेनाडा शिरलं. तुझ्या कंपनीच्या इंजिन टेस्टिंग शॉपमधला कर्टिस तिथला. लग्न करून कोलोनला आलेला, आणि दर फेब्रुवारीत कोलोनच्या कार्निव्हलची टिंगल करणारा. "कोट घालून, बॅरिकेडच्या मागे उभं राहून, अंगावर चॉकलेटं झेलता आणि त्याला कार्निव्हल म्हणता?" असं तो तुला म्हणायचा. तुला ते झोंबलं. तू वीस हिवाळे ती चॉकलेटं झेलली होतीस आणि पोलिसाची तीच एक टोपी घालून मिरवला होतास. तू मला फोन केलास. "आल्झो, नंदू. आमच्या घरच्यांना सुट्टी नाही, आपण दोघंच जाऊ. ऑगस्टमध्ये ग्रेनाडा. बाबांकडे दिवाळीत जाऊ, दोघंही." मी म्हटलं, बाबा वाट बघतायत. तू म्हणालास, "बाबा कुठे पळून चाललेत?"

हे वाक्य तुला मी नंतर कधी ऐकवलं नाही. बाकी खूप काही ऐकवलं, पण हे नाही. ऐकवलं असतं तर तू कोसळला असतास, हे मला कळत होतं.

निघताना तू माझा फोन हॅम्बर्गलाच ठेवायला लावलास. "वकिलाच्या मेल वाचत बसशील. माझा आहे ना एक, दोघांत पुरे." मी ठेवला. तुझं ऐकायची सवय.

बेट मला उतरल्या क्षणी आवडलं, कारण ते ओळखीचं होतं. डोंगर थेट समुद्रात उतरलेले, लाल माती, नारळ, आणि रस्त्याकडेला जायफळं. गाव उभ्या चढावर, खाली बंदर, गाडी चढवताना क्लच जळल्याचा वास. दापोली-गुहागरच्या बाजूला उतरलो की काय असं वाटावं. कर्टिसच्या मावशीकडे आपण उतरलो, जिला सगळा गाव टँटी म्हणायचा. तिने पहिल्याच दिवशी भलंमोठं पातेलं चुलीवर चढवलं. आत नीरफणस, अळूची पानं, हळद, नारळाचं दूध. त्यातलं खारवलेलं मांस तू चमच्याने बाजूला केलंस आणि उरलेलं बोटं चाटून खाल्लंस. टँटीला तू म्हणालास, "हे आमच्या आईचं आहे, तुम्हाला कुणी दिलं?" ती हसून तुझ्या पाठीत धपाटा घालून गेली. शनिवारी तू तिच्या परसातली ताजी जायफळं उचललीस, लाल जायपत्रीसकट, आणि रुमालात बांधलीस. बाबांना दाखवायला. रविवारनंतर त्या रुमालाचं तू नाव काढलं नाहीस. माझ्या ते लक्षात यायला हवं होतं, पण मी तेव्हा कुठे भानावर होतो.

रविवारी संध्याकाळी तुला फोन आला. आपण ओट्यावर बसलो होतो, कर्टिस आपल्याला दुसऱ्या दिवशीचा पहाटेचा खेळ समजावत होता. तू फोन घेऊन परसात गेलास. बऱ्याच वेळाने आलास. मी विचारलं, कोण होतं, तर म्हणालास, "ऑफिस." रविवारी ऑफिस. जर्मनीत इतकी वर्षं राहिलेल्या माणसाने यावर विश्वास ठेवला, दादा. तुझ्यामागून टँटी आली आणि तिने जाता जाता माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, प्रेमळ बाई आहे.

सोमवारी पहाटे उजाडायच्या आधी आपण खाली बंदरावर गेलो. तो खेळ असा आहे, की माणसं सैतान होतात. जॅब म्हणतात त्याला. अंगाला काळं तेल फासायचं, हेल्मेटला बैलाची शिंगं लावायची, साखळ्या रस्त्यावरून खळखळत ओढत न्यायच्या. कर्टिस सांगत होता, की त्यांच्या गुलाम पूर्वजांना गोरे मालक सैतान म्हणत, तर हे म्हणाले, बरं, मग बघा सैतान. आपल्याकडे तोंडाला काळं फासतात ते गावातून धिंड काढायला, इथे लोक हौसेने फासून घेत होते. ज्याच्या अंगावर तेल नाही त्याला कुणीतरी येऊन मिठी मारायचं आणि संपलं. बघे म्हणून तिथे कुणी उरतच नाही. मी कोलोनसारखं कडेने उभं राहून बघायचं ठरवलं होतं, नवेकोरे पांढरे बूट घालून.

तू बादलीत हात घातलास. आधी वास घेतलास, दोन बोटांत तेल चोळून बघितलंस आणि म्हणालास, "डिझेल इंजिनचं आहे. बरंच धावलेलं." दोन इंजिनिअर वापरलेल्या तेलावर तोंड वाकडं करत हसलो. मग तू ते माझ्या कपाळावर लावलंस, गालांवर, मानेवर, कानांच्या मागे. आई अभ्यंगाला लावायची तसं, सावकाश, एक जागा सुटू न देता. मला आठवतं, मी म्हटलं होतं, "पुरे रे, काय मालिश करतोयस?" तू पुन्हा बादलीत बोटं बुडवलीस.

आणि मग ढोल सुरू झाले, आणि शंख. त्या बेटावर शंख फुंकतात, माहीत नव्हतं मला. पाच-दहा माणसं मोठाले शंख फुंकत पुढे, आणि मागे हजारो काळी माणसं, कुणाचं वय कळेना, देश कळेना, बाई की पुरुष कळेना. मी नाचलो. मी, ज्याला आमच्या हॅम्बर्गच्या मंडळात गणपतीच्या मिरवणुकीतही लोक हाताला धरून ओढायचे आणि तरी मी हलायचो नाही. मी ओरडत होतो, साखळी ओढत होतो, एका अनोळखी म्हातारीबरोबर कंबर हलवत होतो. माझं लग्न, वकील, ती रिकामी खोली, सगळं त्या तेलाखाली गेलं. मी तुझ्याकडे वळून बघायचो तर तू माझ्याचकडे बघत असायचास. तुझे डोळे लाल झाले होते. मला वाटलं, तेल गेलं. मी माझ्या बाटलीतलं पाणी तुझ्या डोळ्यांवर ओतलं आणि तू मान वर करून उभा राहिलास, लहान पोरासारखा.

खरं सांगायचं तर इतका सुखी मी त्याआधी नव्हतो आणि त्यानंतरही झालो नाही. हे मी तुला जिवंतपणी एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू जिंकला असतास.

मंगळवारी पिसांचे पोशाख घातलेल्या बायांची मोठी मिरवणूक निघाली, ट्रकवर कपाटाएवढे स्पीकर लावलेले. मी तिच्यामागूनही दिवसभर नाचत फिरलो. संध्याकाळी तू मला धक्क्यावर घेऊन गेलास. माझ्या दाढीत कुणाची तरी चमकी अडकली होती. "आल्झो, नंदू. बस जरा." मी बसलो. तू म्हणालास, "बाबा गेले. रविवारी. म्हणजे तिकडे सोमवारची पहाट होती. झोपेतच गेले. काकांच्या प्रशांतने अग्नी दिला." आणि मग, लगेच, जसं काही मी विचारणारच होतो, "कसंही केलं असतं तरी आपण पोहोचलो नसतो. मी सगळी विमानं बघितली. उद्याचं पहिलं मिळालंय."

मी तुला मारलं. तुला आठवत असेल. धड मारताही आलं नाही, खांद्यावर कुठेतरी लागलं. समोर लोक अजून नाचत होते, त्यांना वाटलं दोन पाहुण्यांना रम चढली. निघताना टँटीने मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाली, "मी सांगितलं होतं त्याला, पोराला सांग म्हणून. ऐकलं नाही." म्हणजे तिला माहीत होतं. तिच्या शेजारणींनाही असेल. माझे बाबा गेले हे अख्ख्या परसाला माहीत होतं आणि मी मध्ये शिंगं लावून फिरत होतो.

आणि तरी एवढ्यावरच असतं तर मी विसरलो असतो, दादा. खरंच विसरलो असतो. पण चिपळूणला पोहोचल्यावर आईने मला जवळ घेतलं नाही. ती कोपऱ्यात बसली होती, तिने वर बघितलं आणि म्हणाली, "दोन दिवस वाट बघितली. एक फोन करायचास रे." मला कळेना. ती म्हणाली, "दादाला विचारलं, नंदूला सांगितलंस का? हो म्हणाला. म्हटलं, दे त्याला. तर म्हणे, तो बोलण्याच्या अवस्थेत नाही. मीही नव्हते रे अवस्थेत." मी तुझ्याकडे बघितलं. तू पंख्याकडे बघत होतास. घरात माणसं होती, काका, आत्या, प्रशांत. मी बोललो असतो तर सगळ्यांसमोर तू खोटा पडला असतास. मी वाट बघितली, तू बोलशील म्हणून. तू मूग गिळून उभा राहिलास.

दहाव्याला न्हाव्याने माझं डोकं भिजवलं आणि वस्तरा थांबवला. केसांच्या मुळाशी काळं होतं, कानांमागेही. इतक्या अंघोळी झाल्या, पण तू लावलंसच इतकं नीट. "साहेब गॅरेजमध्ये असतात काय?" त्याने विचारलं. शेजारच्या पाटावर तूही वाकून बसला होतास, तुझ्या कानामागेही तेच होतं, पण तुला कुणी विचारलं नाही.

त्या दिवशी घाटावरून परत येताना आपलं भांडण झालं. तू म्हणालास, "लग्नघरात बातमी दाबतात की नाही? कमलआत्याच्या लग्नात नानाकाका गेल्याचं अक्षता पडेपर्यंत कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. कानावर पडलं तर सुतक, नाही पडलं तर नाही. तुला मी सुतक लागू दिलं नाही, एवढंच. माझं मी पाळलं. तुझंही पाळलं." मी म्हटलं, "कुठे पाळलंस? रस्त्यात? ढोलासमोर? आणि ते लग्न होतं, दादा. हे काय होतं? माझं कुठलं मंगलकार्य चाललं होतं तिथे?" तू थांबलास आणि म्हणालास, "तू हसत होतास. दीड वर्षांनी. मला तेवढं पुरे होतं." मी एवढंच म्हटलं, "आईला खरं सांग." तू म्हणालास, "सांगतो."

नाही सांगितलंस.

किती वेळा विचारलं मी. तू म्हणायचास, "फोनवर कसं सांगू, जाईन तेव्हा सांगतो." जाऊन यायचास आणि म्हणायचास, "आईची तब्येत बरी नव्हती रे." मी सांगू शकलो असतो, असं तू एकदा म्हणालास. हो, शकलो असतो. पण मी सांगितलं असतं तर ते गाऱ्हाणं झालं असतं, धाकट्याने थोरल्याची केलेली चुगली. आणि तिचा सगळा भरवसा तुझ्यावर होता. तो मी काढून घ्यायचा? मग तिने काय धरून बसायचं? तुला हे बरोबर माहीत होतं. माझ्या चांगुलपणाच्या आड तू आरामात बसून राहिलास. आई फोनवर माझ्याशी शेवटपर्यंत नीट बोलायची, जेवलास का विचारायची, पण प्रत्येक फोनच्या शेवटी म्हणायची, "तू कामात असशील, ठेवते." आणि लगेच ठेवायची. त्या दोन दिवसांनंतर तिने माझ्याकडून फोनची अपेक्षाच सोडली होती. ती तशीच गेली.

ती गेली तेव्हा मात्र तू मला लगेच फोन केलास. एक क्षण न दवडता, मीटिंगमध्ये होतो तर मीटिंगमधून उठवलंस. मी ओळखलं, हे तू मला काय देतोयस ते. मी धन्यवाद म्हटलं नाही.

मग आपण काय बोलायचो? विंटररायफन बदलले का. श्टॉयरएर्क्लेरुंग भरलं का. गाडीचे टायर आणि आयकर, दोन भावांना बोलायला एवढंच उरलं. फेब्रुवारीत मी कोलोनला यायचं बंद केलं. तू पोलिसाच्या टोपीतला फोटो पाठवायचास, मी अंगठा पाठवायचो. या उन्हाळ्याच्या आधी तू म्हणालास, "कर्टिस पुन्हा चाललाय. टँटी विचारत होती तुला. जाऊ या का?" मी म्हटलं, "नाही." तू म्हणालास, "बरं." तुझ्या तोंडी बरं हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. तू एकदा तरी अजून आग्रह करशील असं मला वाटलं होतं. करायला हवा होतास. आयुष्यभर माझं जेवण मागवलंस आणि नेमकं तेव्हा मेनूकार्ड माझ्या हातात दिलंस.

आता शेवटचं. हे तुला माहीत नाही, कारण तेव्हा तू नव्हतास.

वहिनींचा फोन आला तेव्हा शनिवारची दुपार होती. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून बोलत होत्या. तुला चालता चालता छातीत कळ आली आणि सगळं तिथेच संपलं, डॉक्टरांना काही करायला वेळच मिळाला नाही. मी मिळेल त्या गाडीत बसलो. गाडीत बसल्यावर वहिनींचा पुन्हा फोन आला, मुक्ताबद्दल. तुझी लेक ड्रेस्डेनला शिकायला गेल्यापासून पहिल्यांदा कुठे रमली होती, आणि त्या दिवशी तिच्या मैत्रिणीचं लग्न होतं. नाच मुक्तानेच बसवला होता, महिनाभर तिच्या त्याच गप्पा होत्या, तुलाही तिने स्टेप्स दाखवल्या होत्या म्हणे फोनवर. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तिला आत्ता नका सांगू. संध्याकाळ होऊ दे तिची. उद्या सकाळी तुम्ही नाहीतर कुणीतरी जाऊन तिला घेऊन या. एकटीला कसं झेपेल तिथे?"

मी म्हटलं, "नाही वहिनी. तिला माहीत असायला हवं." त्या रडत म्हणाल्या, "हे असते तर..." आणि पुढे बोलल्या नाहीत. मी फोन ठेवला आणि गाडीच्या दोन डब्यांमधल्या जागेत उभा राहून मुक्ताला लावला. एका मिनिटाचाही उशीर केला नाही. मला वाटत होतं, मी योग्य करतोय. माझ्या बाबतीत जे झालं ते या पोरीच्या बाबतीत मी होऊ देणार नाही, असं मी स्वतःला बजावत होतो. तिने उचलला तेव्हा मागे गाणं चालू होतं आणि ती धापा टाकत हसत होती. "नंदूकाका, मोमेंट, बाहेर येते," म्हणाली, मराठीत, जी ती सहसा बोलत नाही. इतकी खुशीत होती. ती बाहेर आली आणि मी सांगितलं.

ती साडी नेसलेली तशीच एकटी गाडीत बसली आणि देशाच्या त्या टोकापासून या टोकाला आली. वाटेत गाडी बदलायची होती, ती चुकली, स्टेशनवर बसून राहिली. मी फोन करत होतो, ती उचलत नव्हती. आल्यावर वहिनींच्या गळ्यात पडली. माझ्याशी ती नीट वागली, चहा दिला, हॉलमध्ये कोटाची कॉलर सरळ केली, पण माझ्या शेजारी बसली नाही.

तुझा कलश मातीत ठेवून आलो त्या दुपारी, माणसं गेल्यावर, ती स्वयंपाकघरात कप विसळत होती आणि मी पुसत होतो. पाठ माझ्याकडे ठेवूनच तिने विचारलं, "हेट्स्ट दू निश्ट वार्टन क्योनेन?" तुला थांबता आलं नसतं का. मी पुढचा कप पुसायला घेतला. मग ती बराच वेळ जर्मनमध्ये बोलत राहिली, हळू, राग न दाखवता. त्या संध्याकाळी घरी येऊन ती काहीच करू शकणार नव्हती. नाच अर्धा झाला होता. मैत्रिणीचं लग्न सगळ्यांना आता त्या फोनसाठी लक्षात राहणार. आणि आठ तास ती लोकांच्या समोर डब्यात बसून होती, एकही ओळखीचं माणूस नाही.

तिला तो सोमवार सांगावा असं अगदी जिभेवर आलं होतं, दादा. हॉलमधला तो फोटो कधीचा आहे, त्यातल्या कुणाला काय माहीत होतं, तिची आजी काय समजून गेली. तिने ऐकून घेतलं असतं. तिच्या वयाला ते कळलंही असतं. मी ओला कप हातात धरून उभा होतो.

ती वळली. तुझीच हनुवटी आहे तिची.

"पापा हेटे गेवार्टेट," ती म्हणाली. पापा थांबला असता.

"हो," मी म्हटलं. "तो थांबला असता."